गिरणगावातील चाळ आणि मराठी साहित्याची नजर

मराठीत चाळीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. विनोदी लिहिले गेले, हळवे लिहिले गेले, क्रांतीचे माहेरघर म्हणूनही लिहिले गेले. आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळी पाडल्या जात असताना तर 'चाळ संस्कृती'च्या आठवणींना भरते आले आहे. दारे दिवसभर उघडी असत, एका घरची आमटी दुसऱ्या घरी जाई, गणपतीत सगळी चाळ एक होई, असे हे आठवणीकार सांगतात. त्यांचे सांगणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण कोणाच्या घरची आमटी कोणाच्या घरी जात होती, आणि कोणाच्या दारावरून ती तशीच पुढे जात होती, हे त्यात फारसे येत नाही. 'सगळी चाळ' हा शब्द वापरला की प्रश्न संपतो, अशी एक सोय मराठी लेखकाने करून ठेवली आहे. या सोयीची तपासणी करावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

साहित्याकडे वळण्यापूर्वी विटा-सिमेंटचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली काढली. त्यानंतरची चाळीसेक वर्षे गिरण्या वाढत गेल्या, आणि गिरणीत राबणारा माणूस रात्री कुठे आडवा होतो याची सरकारला फिकीर नव्हती. १८९६ साली प्लेग आला. माणसे मरू लागली, पळू लागली, गिरण्या ओस पडू लागल्या, तेव्हा कुठे कामगाराच्या खोलीकडे लक्ष गेले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधलेल्या चाळी त्या बी.आय.टी. चाळी. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट हे खाते निघाले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा करायचा आणि पन्नास हजार खोल्या बांधायच्या असा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती झाल्या, खोल्या सोळा हजारांच्या आसपास. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक.

या खोल्या बांधून झाल्या आणि बऱ्याचशा रिकाम्याच राहिल्या. भाडे गिरणी कामगाराला परवडेना. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला, सत्याग्रही तिथे कोंडले गेले. कामगाराचे घर म्हणून बांधलेली इमारत फारशी फिरवाफिरव न करता तुरुंग म्हणून वापरता आली! नकाशा काढणाऱ्याने कामगाराविषयी काय कल्पना केली होती, ते यावरून समजावे.

आता प्रश्न असा, की या खोल्या कोणाला मिळाल्या? गिरणीतली भरती जॉबरमार्फत होई. जॉबर आपल्या गावचा, आपल्या भावकीचा माणूस आणी. राहण्याची सोयही त्याच वाटेने होई. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांचे गाळे असत. एका खोलीत वीस-पंचवीस गडी, पाळीप्रमाणे झोपणारे, खाणावळीत जेवणारे. गावाने मुंबईत आपली खोली घेतली, म्हणजे गावाने मुंबईत आपला गावगाडाही आणला. गावात ज्याला वेशीबाहेर ठेवले होते, त्याला गावाच्या गाळ्यात वळकटी टाकायला जागा कुठून मिळणार?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात, म्हणजे साचेखात्यात, घेत नसत. धोट्यातून सूत ओढून घेताना ते तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा स्पृश्य कामगार तोंडाला लावीना. साचेखात्यातला पगार इतर खात्यांपेक्षा बरा होता. म्हणजे धोट्यावरची थुंकी पगार ठरवीत होती आणि पगार खोली ठरवीत होता. सूत आणि खोली यांचा हा संबंध ज्याला दिसत नाही, त्याने गिरणगावावर प्रबंध लिहू नये असे मला वाटते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला. साचेखाते आमच्यासाठी खुले करा, ही मागणी मालकांकडे करण्यापूर्वी ती स्वतःच्या सोबत्यांकडे करावी लागली, हे कामगार चळवळीच्या इतिहासकारांनी नेहमी तळटिपेत ढकलले आहे.

या भूमीवर उभे राहून आपण मराठी साहित्यातली चाळ वाचू लागलो तर काय दिसते?

सर्वांत प्रसिद्ध चाळ अर्थातच पु. ल. देशपांडे यांची. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली. ती गिरणी कामगारांची चाळ नाही, ती पांढरपेशा कारकुनांची चाळ आहे आणि पु. ल. तसे लपवीतही नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. विनोद अव्वल आहे, वर्गात शिकवताना मलाही हसू आवरत नाही. माझी तक्रार पुस्तकाविषयी कमी आणि त्याच्या वारसदारांविषयी जास्त आहे. पुस्तकाच्या शेवटी जे 'चिंतन' आहे, त्यात चाळ ही एक हरवत चाललेली माया म्हणून उभी राहते. त्या चिंतनाचा सूर पुढच्या दोन पिढ्यांनी उचलला, आणि कारकुनांच्या चाळीची हुरहूर गिरणगावातल्या चाळीवर नेऊन पांघरली. पांघरूण एका मापाचे, अंग दुसऱ्या मापाचे! माझ्या वर्गात बी.डी.डी. चाळीतून येणारी एक विद्यार्थिनी होती. सगळा वर्ग नळावरच्या भांडणाला हसत असताना तिने विचारले, "सर, आमच्या आजीच्या वेळी नळावर आधी कोण भरणार यावरून डोकी फुटलीत. ते असल्या भांडणात का येत नाही?" मी तिला उत्तर म्हणून लेखकाचा अनुभवप्रदेश, मर्यादा वगैरे शब्द सांगितले. ते शब्द खरे होते आणि उत्तर म्हणून कमी पडत होते, हे तिला कळले आणि मलाही.

नारायण सुर्वे यांची गोष्ट वेगळी. मराठी कवितेत गिरणगावाला माणूस म्हणून उभे करण्याचे श्रेय त्यांचे आहे. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांआधी कामगार हा मराठी कवितेत बहुधा घोषणेच्या किंवा करुणेच्या कामी येत असे. सुर्व्यांनी त्याला बोलायला लावले. पण दलित वाचक सुर्व्यांपाशी थोडा थबकतो, आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे. सुर्वे हे टाकून दिलेले मूल होते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना उचलले, वाढवले, आपले नाव दिले. जात ठाऊक नसलेला माणूस गिरणगावात वाढला आणि त्याला तिथे वर्ग दिसला. हा अनुभव अस्सल आहे. मात्र तो एका अपवादाचा अनुभव आहे. बाकीच्या गिरणगावाला आपली जात जन्मतःच ठाऊक होती, आणि शेजाऱ्याचीही. मार्क्सवादी समीक्षकांनी सुर्व्यांच्या या अपवादाचा नियम केला आणि चाळ म्हणजे वर्गजाणिवेची शाळा, असे समीकरण मांडून टाकले. ही चूक सुर्व्यांची नव्हे. आपण मात्र सुर्व्यांवर प्रेम करताना त्यांच्या समीक्षकांचे समीकरण उसने घेऊ नये.

याच्याशेजारी बाबूराव बागुलांची कथा ठेवून पाहा. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा, म्हणजे सुर्व्यांच्या त्या दोन संग्रहांच्या मधला. शीर्षककथेतला तरुण मुंबईहून परगावी रेल्वेच्या नोकरीवर जातो. नोकरी त्याच्याकडे आहे, शिक्षण आहे, डोक्यात नव्या जगाची स्वप्ने आहेत. अडते कुठे? राहायच्या जागेपाशी अडते. खोलीसाठी जात चोरावी लागते, आणि ती उघडी पडली की मार पडतो. या कथेवर आपल्याकडे विद्रोह, नकार, अस्मिता या अंगांनी पुष्कळ लिहिले गेले. ते योग्यच आहे. पण ही कथा कामगाराच्या निवाऱ्याची कथा आहे हे कोणी फारसे म्हटलेले नाही. काम एकत्र, हजेरी एकत्र, आणि भोंगा वाजल्यावर खोली मात्र जातीने. बागुलांनी वर्ग नाकारलेला नाही. वर्गाचे दार कुठे बंद होते ती जागा त्यांनी दाखवली, आणि ती खोलीच्या उंबऱ्यावर आहे.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईचा जो भाग येतो, तो कावाखान्याचा. तिथली माणसे गोदीत जातात, बाया चिंध्या-कागद वेचतात. गिरणगावाच्या आठवणीकारांना कावाखाना आपल्या नकाशात ठेवता येत नाही, कारण तिथे गिरणीचा भोंगा नाही, नाट्यमंडळ नाही, गणपतीची वर्गणी नाही. परंतु गिरण्यांनी ज्यांना दारातून परत पाठवले, किंवा आत घेऊन तळाच्या खात्यात ठेवले, ते कुठे गेले याचे उत्तर कावाखान्यात आहे. गिरणगावाचा इतिहास ज्याला पूर्ण लिहायचा असेल, त्याने कावाखाना हे त्याचेच एक खाते मानले पाहिजे.

नंतरच्या लेखनापैकी जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक मला महत्त्वाचे वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि पुढे त्यांतले बहुतेक उद्ध्वस्त झाले. ते उद्ध्वस्त होणे या नाटकाने एका खोलीत कोंडून दाखवले. भाबडी आठवण त्यात नाही, हे मोठेपण. जातीचा प्रश्न मात्र त्या खोलीत जवळजवळ येत नाही. आणि नाटकाच्या दृष्टीने तो येण्याची गरजही नसेल, कारण ती खोली ज्यांची आहे त्यांना तो रोज पडत नव्हता. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन जे काम केले (ते २००४ साली पुस्तकरूपाने आले), त्यात निरनिराळे आवाज ऐकू येतात. त्याचा उपयोग आपल्या कथाकारांनी अजून पुरेसा केलेला नाही.

'सगळी चाळ एक होती' या विधानाला सर्वांत मोठे उत्तर मात्र साहित्याने दिले नाही, रस्त्याने दिले. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दलित पँथरची सभा होती. दगडफेक झाली, पोलिसांनी सभेवर लाठी चालवली आणि दंगल पेटली. १० जानेवारीला परळमध्ये निषेधाच्या मोर्चावर वरून दगडी पाटा टाकला गेला आणि भागवत जाधव ठार झाला. वरळी-नायगावची दंगल त्यानंतरही कित्येक आठवडे धुमसत राहिली. काही इमारतींत बौद्धांची वस्ती जास्त, काहींत सवर्ण हिंदूंची. इमारतींचे क्रमांक त्या दिवसांत जातीच्या नावांसारखे उच्चारले जात. एकाच खात्याने, एकाच नकाशावर, एकाच मापाने बांधलेल्या इमारती समोरासमोर उभ्या राहिल्या आणि गच्च्यांवरून दगड आले. मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीचे ते दिवस होते आणि पँथरने त्या निवडणुकीवर बहिष्कार पुकारला होता. त्यामागचे राजकारण नंतर पुष्कळांनी उलगडले. मला इथे एवढेच म्हणायचे आहे, की माणूस मारायला वापरलेली वस्तू पाटा होती. स्वयंपाकघरातली, आमटीचे वाटण करायची. ज्या आमटीच्या देवाणघेवाणीवर आपल्या आठवणीकारांची सारी भिस्त, तिचा हा पाटा!

आणखी एका घराविषयी बोलले पाहिजे, कारण 'कामगारांची घरे' म्हटले की ते कोणाच्या मनातही येत नाही. महापालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहती. दादरची कासारवाडी मुंबईकराला ठाऊक असते, निदान बाहेरून. या घरांचा गिरणी कामगाराच्या खोलीशी एक मोठा फरक आहे. ते घर नोकरीला बांधलेले असते. नोकरी संपली की घर सोडायचे. मग घर राखायचे तर घरातल्या कोणीतरी तीच नोकरी धरली पाहिजे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क दिला, आणि कुटुंबे रस्त्यावर येण्यापासून वाचली, हे मान्यच केले पाहिजे. पण शिकलेला मुलगा बापाचा झाडू हातात घेतो तो झाडूच्या ओढीने घेत नाही, छपरासाठी घेतो. दया पवारांनी आपल्या आत्मकथेला जे नाव दिले ते गावच्या व्यवस्थेचे होते. शहरात ती व्यवस्था सरकारी क्वार्टरच्या रूपाने चालू राहिली. या घरांवर मराठीत कादंबरी का नाही, हा प्रश्न मी प्रस्थापितांना विचारणार नाही. तो आपल्यालाच विचारायचा आहे.

कारण आपल्या लेखनातही एक पोकळी आहे. आपल्या आत्मकथनांनी गावच्या महारवाड्याला, मांगवाड्याला पानेच्या पाने दिली. ते आवश्यक होते. पुढे झोपडपट्टी आली, फूटपाथ आला, गोलपिठा आला. मधली चाळ मात्र राहून गेली. असे का झाले असावे? मला वाटते, चाळीत आपण पुरेसे दुःखी नव्हतो! पगार होता, रात्रशाळा होती, वाचनालय होते, समता सैनिक दलाची शाखा होती, मैदानावर भीमजयंतीचा मंडप होता. दुःखाची धार कमी झाली की लेखन कमअस्सल होईल, अशी भीती आपल्या मनात समीक्षकांनी घातली आणि आपण ती मानली. जे आपण उभारले ते लिहायला आपण लाजलो. वास्तविक संघटना कशी उभी राहते, जिन्याखालच्या जागेत ग्रंथालय कसे थाटले जाते, वर्गणीची वही कोण ठेवतो, कोण पैसे खातो, हे विद्रोहाइतकेच साहित्याचे द्रव्य आहे.

यात बायांची तर दुहेरी उपेक्षा आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना त्यात पहिल्यांदा सलग बोलता आले. १६० चौरस फुटांत दहा माणसे राहत असतील तर ती कशी राहतात याचे खरे ज्ञान पुरुषाला नसते. तो गॅलरीत झोपतो, मैदानात बसतो, युनियनच्या कचेरीत रात्र काढतो. खोली बाईला चालवावी लागते. न्हाणीच्या आडोशाचे, पहाटे अंधारात संडासाच्या रांगेचे, नवविवाहितेच्या पहिल्या रात्रीचे अर्थशास्त्र पुरुष लेखकांनी विनोदावारी नेले आहे.

इथे मला रमाबाईंची आठवण होते. परळच्या पोयबावडीतल्या बी.आय.टी. चाळीत आंबेडकर कुटुंब १९१२ ते १९३४ पर्यंत राहिले. दोन खोल्या. त्याआधी डबक चाळीतली एकच खोली होती. तिथे सगळ्यांना एका वेळी आडवे होता येत नसे, म्हणून रामजीबाबा मुलाला लवकर झोपवीत, रात्री दोनला अभ्यासासाठी उठवीत आणि मग त्याच्या जागी स्वतः झोपत. हा प्रसंग आपण भाषणांत शेकडो वेळा सांगितला आहे, जिद्दीचा नमुना म्हणून. तो एका खोलीचा हिशेब म्हणूनही वाचला पाहिजे. 'मूकनायक' निघाला, महाडचा सत्याग्रह झाला, तेव्हा बाबासाहेबांचा पत्ता गिरणगावातल्या चाळीचा होता. आणि १९२६ साली राजरत्न गेला तोही त्याच पत्त्यावरच्या संसारातून. बाबासाहेब परदेशी असताना त्या दोन खोल्यांत रमाबाईंनी काय केले, कोणत्या शेजारणीने काय दिले, कोणी काय दिले नाही, याची कादंबरी व्हायची आहे. होईल ती आरतीसारखी होऊ नये.

आता सध्याच्या पाडकामाविषयी. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना पाचशे चौरस फुटांचे घर मालकीने मिळते. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. 'चाळ संस्कृती' बुडाली म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही. ज्याने सामाईक संडासाच्या रांगेत चाळीस वर्षे काढली, त्याला घरातल्या संडासाचे दार लावून घेण्याचा आनंद कळतो. आठवणीकारांपैकी बहुतेकांनी हे दार फार पूर्वीच लावून घेतले आहे. उंच इमारतीचा देखभालीचा खर्च पेलेल का, लिफ्ट बंद पडली तर काय, तरुण पिढी घर विकून बदलापूर-वांगणीकडे सरकेल का, या शंका खऱ्या आहेत आणि रहिवासी स्वतःच त्या बोलून दाखवतात. त्या शंकांचे उत्तर जुनी गॅलरी परत आणून मिळणार नाही.

नावांची गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. २०२२ साली राज्य शासनाने या वसाहतींची नवी नावे जाहीर केली. वरळीला बाळासाहेब ठाकरे, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी, नायगावला शरद पवार. तत्कालीन सत्तेत तीन पक्ष होते आणि वसाहती तीन निघाल्या, वाटणी चोख झाली! गिरणी कामगार या वाटणीत कुठे बसत नव्हता. बाबासाहेबांच्या नावाचा आग्रह धरावा असेही मी म्हणत नाही, आपण नावे मिळवून समाधान मानण्यात आता तरबेज झालो आहोत. पण पाडल्या जाणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या क्रमांकापुढे तिथे कोण राहत होते, कोणत्या खात्यात होते, १९७४ साली त्या मजल्यावर काय घडले, हे लिहून काढणारी पोरे आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडली पाहिजेत. मी माझ्या विद्यार्थ्यांना यंदा निबंधाऐवजी हेच काम दिले आहे. आजी-आजोबा अजून बोलतात. दोघींनी वह्या भरून आणल्या, एकाने आजोबांची भाडेपावती आणली. बाकीचे 'करतो सर' म्हणतात.

आणि एक घडामोड मला कुतूहलाची वाटते. नव्या इमारतींतली घरे संगणकीय सोडतीने ठरवली गेली. कोणाला कोणता मजला, कोणाच्या समोर कोणाचे दार, हे यंत्राने ठरवले. जॉबरने नाही, गावाने नाही, भावकीने नाही. शंभर वर्षांत प्रथमच या जमिनीवर शेजार चिठ्ठीने पडला आहे. ज्या दोन इमारती १९७४ साली एकमेकींवर दगड टाकीत होत्या, त्यांची नातवंडे एका लिफ्टमधून वर जातील. तिसाव्या मजल्यावरची ती दोन दारे समोरासमोर उघडी राहतात की बंद, आणि बंद राहिली तर कोणाच्या बाजूने, हे पाहायला आपल्या कथाकाराने तिथे असले पाहिजे.